दुसरा पाय
मोहाच्या बियांचं तेल गरम केलं, की तो वास मला कुडवा गावातल्या आमच्या त्या दोन खोल्यांत नेतो. धाकटी नुकतीच झाली होती आणि माझी झोप पार उडाली होती. एका दुपारी सासूबाईंनी बाळाला सतरंजीवर घेऊन तेल चोळलं, न्हाऊ घातलं आणि ओव्याची धुरी द्यायला आत नेलं. तेवढ्यात थोरली येऊन त्याच सतरंजीवर पाय लांब करून पडली. "काऊन झोपली वं इथं?" मी विचारलं. "आता माही पारी हाये," ती डोळे मिटूनच म्हणाली. उरल्या तेलानं मी तिचा एक पाय चोळला आणि बसल्या जागीच माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा ती तशीच पडून होती. "दुसरा राह्यला," ती हळूच म्हणाली, "पण तू झोप." अजूनही मी दमून टेकले की ती "तू झोप" एवढंच म्हणते, आणि मला तो कोरडा पाय दिसतो.