सॅमीच्या डबीतली चकती

बातमी आली तेव्हा मी गाडीतच होतो. ग्रोसरीच्या दुकानासमोर, इंजिन चालू ठेवून, काचा वर करून, एसीच्या गार हवेत बायकोची वाट बघत बसलो होतो. फोन सॅमीच्या मुलाचा होता. "अंकल, डॅड पास्ड अवे धिस मॉर्निंग," तो म्हणाला आणि मग मराठीत दोनच शब्द, "झोपेतच गेले." मी काय बोललो ते आठवत नाही. फोन ठेवल्यावर पहिलं काम केलं ते म्हणजे एसी बंद केला. ऑगस्टचं ऊन, पाच मिनिटांत मी घामाने निथळलो. बायको पिशव्या घेऊन आली, दार उघडून म्हणाली, "अहो, पुन्हा बिघडला की काय?" आणि सॅमी गेला हे तिला सांगायच्या आधी मी म्हणालो, "नाही, एसी ठीक आहे..."

सॅमी म्हणजे सॅमसन झिराडकर. कुलाबा जिल्ह्यातलं बेने इस्राएली ज्यू घराणं, वाढला मुंबईत. तिथे बस डेपोत मेकॅनिक होता आणि टोरोंटोला आल्यावरही बसगाड्यांच्याच पोटात डोकं घालून त्याने नोकरी संपवली. मी इंजिनियर. मोठमोठ्या इमारती थंड कशा ठेवायच्या याचे आराखडे काढण्यात माझा जन्म गेला. "वसंता, तुझ्या कागदावरचा एसी फार गार असतो बघ," असं तो मला चिडवायचा. रिटायर झाल्यावर नॉर्थ यॉर्कमधलं त्याचं गॅरेज हा आम्हा सहा मराठी म्हाताऱ्यांचा रविवारचा अड्डा झाला होता. सहा घडीच्या खुर्च्या, रिबेकावहिनींचा आलं घातलेला चहा, आणि कुणा ना कुणाची गाडी जॅकवर चढवलेली. कुणाचे विंटर टायर्स, कुणाचा ब्रेक. गाडीतून काढलेला प्रत्येक छोटा भाग सॅमी एका डबीत ठेवायचा, आत मराठीत चिठ्ठी. मी हसायचो. तो म्हणायचा, "डॉक्टर जुने रिपोर्ट ठेवतात ना? मग माझ्या पेशंटने काय घोडं मारलंय?"

सहा वर्षांपूर्वी जुलैमध्ये माझ्या गाडीचा एसी रुसला. गाडी तेव्हाच बारा वर्षांची होती. सकाळी हवा गार यायची, अर्ध्या तासाने गरम. थोडा वेळ इंजिन बंद ठेवलं की पुन्हा गार. मी निदान करून मोकळा झालो होतो, गॅस कमी पडलाय. एसी बिघडला की सगळं जग हेच म्हणतं, आणि मी तर त्यातला तज्ज्ञ. शुक्रवारी दुपारी गाडी सॅमीकडे नेली ती दुखणं विचारायला नव्हे, दुजोरा घ्यायला. त्याने गाडी तापेपर्यंत चालू ठेवली, बॉनेट उघडलं आणि नुसता उभा राहिला, मान तिरकी करून, कान लावून. मग झाडूचा लाकडी दांडा घेऊन कॉम्प्रेसरच्या पुढच्या तबकडीला हलकेच ढोसलं. टक असा आवाज आला, आणि आत गार हवा यायला लागली.

"गॅस ठीक आहे," तो म्हणाला. "हा क्लच झिजलाय. गॅप वाढलीय. गरम झाला की चुंबकाला तबकडी ओढवत नाही. आत एक पातळ चकती असते, ती काढली की गॅप कमी होते, काम झालं. गॅसला हातसुद्धा लावायला नको."

"मग काढ ना आत्ताच."

"आता अंघोळ करून बसायचं, शब्बाथ लागेल. उद्या संध्याकाळपर्यंत कामाला हात नाही. परवा घरी मलिदा आहे, तुम्ही यायचंय. सोमवारी सकाळी ये. आणि वसंता, तोवर गॅस भरू नकोस हां."

एवढं साधं बोलणं. पण मला ते झोंबलं. चाळीस वर्षं ज्या विषयात मी लोकांकडून माना डोलवून घेतल्या, त्यात हा झाडूच्या दांड्याने माझं निदान खोटं पाडतो? शनिवारी सकाळी उकाडा असह्य होता. मी सॅमीला फोन केला, त्याने उचलला नाही. शनिवारी तो फोनला हात लावत नाही हे मला कित्येक वर्षं माहीत होतं, तरी मला राग आला. दुकानात गेलो, गॅसचे दोन डबे आणले आणि कॉन्डोच्या पार्किंगमध्ये दोन्ही भरले. पहिल्यानंतर थांबायला हवं होतं. दुसरा संपता संपता बॉनेटखाली फाट्‌ असा आवाज झाला, गॅस नेणारा जुना रबरी होज फाटला, आणि पांढरा फवारा उडून सगळा गॅस निघून गेला. आसपास कुणी नव्हतं. मी बॉनेट लावलं, रिकामे डबे डिकीत टाकले आणि बायकोला म्हणालो, एसी गेला.

रविवारी काचा खाली करून आम्ही सॅमीकडे पोहोचलो तेव्हा बायकोची साडी घामाने पाठीला चिकटली होती. नातीच्या जन्माचा मलिदा होता. भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, फळं, प्रेषित एलियाहू हन्नाबीचं नाव घेऊन म्हटलेल्या प्रार्थना... घर भरलेलं होतं. आमच्या अड्ड्यातले रिटायर्ड डॉक्टर मला बघून म्हणाले, "काय इंजिनियरसाहेब, तुमचाच एसी बंद?" सगळे हसले. माझ्या हातात सॅमीच्या घरचा प्रसाद होता. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. मी म्हणालो, "परवा सॅमीने हात लावला होता. त्यानंतर पूर्णच गेला." वाक्यातला शब्द न्‌ शब्द खरा होता, आणि ते वाक्य धडधडीत खोटं होतं. वळून बघतो तर मागे सॅमी, हातात पोह्यांचं ताट. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग डॉक्टरांना म्हणाला, "हो, माझ्याकडून काहीतरी राहिलं असेल. बघतो मी उद्या."

सोमवारी त्याने बघितलं. होज फाटलेला त्याला दिसला, डिकीतले दोन रिकामे डबेही दिसले. "हे रिसायकलिंगच्या ब्लू बिनमध्ये टाकू नकोस," एवढंच म्हणाला, "मी घातक कचऱ्याच्या डेपोत देतो." नवा होज बसवला, चकती काढली, बेताचा गॅस भरला, इंजिन तापेपर्यंत चालू ठेवलं. टक. "लागला बघ," तो म्हणाला. आजपर्यंत तो एसी बिघडलेला नाही.

पण मी बोललेलं पसरत गेलं. "वय झालं हो त्याचं," डॉक्टर म्हणू लागले. त्यांनी त्या वर्षी विंटर टायर्स दुकानात बदलले. मग दुसऱ्याने. कुणी सॅमीशी भांडलं नाही, सगळे भेटले की प्रेमाने बोलत, फक्त गाड्या यायच्या बंद झाल्या आणि गाड्यांबरोबर माणसंही. सॅमी सहाही खुर्च्या मांडायचा. वर्षभरात मी एकटाच उरलो. तो रस्त्याकडे बघत विचारायचा, "आज कोणी नाही?" आणि मी म्हणायचो, "थंडी आहे ना..." मे महिन्यातसुद्धा मी हे म्हटलेलं आहे. प्रत्येक रविवारी घरून ठरवून निघायचो की आज सांगायचं, आणि चहा पिऊन परत यायचो. मला लाज वाटत होती, आणि ती लाज सॅमीच्या रविवारांपेक्षा मला मोठी वाटली, याची आता जास्त लाज वाटते.

दफनाला सगळे आले होते. त्यांच्या रिवाजाप्रमाणे प्रत्येकाने फावड्याने थोडी माती लोटली. गाड्यांकडे परतताना डॉक्टर डोळे पुसत म्हणाले, "हात काय होता त्याचा! शेवटी जरा चुकायला लागला होता, वसंताच्या गाडीचं झालं तसं... पण माणूस सोन्यासारखा." मी त्यांच्या शेजारून चालत होतो. माझ्या नखांत त्याच्या कबरीची माती होती. मी मान डोलावली.

तिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेनंतर रिबेकावहिनी मला गॅरेजमध्ये घेऊन गेल्या. खुर्च्या भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. फळीवर डब्यांची रांग. माझ्या नावाची डबी त्यांनी काढून माझ्या हातात ठेवली. आत नखाएवढी पातळ चकती, आणि सॅमीच्या अक्षरात, 'वसंता. एसी. क्लचची चकती काढली. गॅस ठीक होता.' माझ्याने राहवेना. उभ्या उभ्या वहिनींना सगळं सांगून टाकलं.

"मला माहीत आहे, वसंतभाऊ," त्या म्हणाल्या. "त्या सोमवारीच सांगितलं ह्यांनी."

"मग तो कुणाला बोलला का नाही?"

"मीही चिडून तेच विचारलं. तर म्हणाले, वसंता सांगेल स्वतः. आपण सांगितलं तर तो यायचा बंद होईल."

त्याला बोल लागला, चार मित्र गेले, आणि त्याला काळजी होती ती मी यायचा बंद होईन याची. मी खिशातून पेन काढलं. त्याच चिठ्ठीवर, त्याच्या ओळीखाली, माझ्या अक्षरात लिहिलं, 'होज मी फोडला. सॅमीने नुसता कान लावला होता.' डबी फळीवर तिच्या जागी ठेवली. मग बाहेर येऊन डॉक्टरांना फोन लावला, रविवारी सॅमीच्या गॅरेजमध्ये या म्हणालो, बाकीच्यांनाही घेऊन या. ते म्हणाले, "आता तिथे कशाला रे?" मी म्हणालो, "सांगतो. तिथेच सांगायचंय." आणि परत आत जाऊन भिंतीची एकेक खुर्ची उघडून मांडायला लागलो.