काजपट्टी सोडून बाकी कडक

रोज सकाळी काकांच्या हातात शर्ट देण्याआधी काकू त्याची काजं उघडायची. खळ घातलेल्या शर्टाची काजं वाळताना मिटून जातात आणि नखाने ओरबाडली तर धागा सुटतो. म्हणून ती क्रोशाची सुई घ्यायची. वरून खाली येत एकेका काजात टोक घालून हलकेच फिरवायची. सातवं काज झालं की शर्ट एकदा झटकायची. जाड कागद फडफडावा तसा आवाज व्हायचा, आणि भिंतीपलीकडच्या आमच्या खोलीत मला जाग यायची.

काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. आमच्या दोन खोल्या, त्यांच्या दोन, मध्ये एक भिंत. आई-बाबा दोघंही कामाला जायचे, त्यामुळे शाळेतून आल्यावर मी काकूकडेच असायचे. तिला मूलबाळ नव्हतं. "आहे की, भिंतीपलीकडे ठेवलंय," असं ती कुणी विचारलं की सांगायची.

काका टपाल कचेरीत तिसऱ्या खिडकीवर बसायचे, रजिस्टर पत्रं आणि पार्सलं घ्यायला. त्याआधीची बारा वर्षं त्यांनी मागच्या खोलीत थैल्या उपसण्यात काढली होती. तिथे कुणाचा शर्ट कसला आहे, हे धुळीत दिसतच नसे. खिडकी मिळाली त्या दिवशी काकूने आयुष्यात पहिल्यांदा खळ शिजवली आणि उत्साहाच्या भरात मैदा दुप्पट घातला. काकांना दिवसभर मान वळवता आली नाही. कुणी डावीकडून हाक मारली की ते खुर्चीसकट वळायचे. "लोकांना वाटलं, साहेब फार शिस्तीचे आहेत," काकू सांगायची. "तेव्हापासून ह्यांना शिस्तीची चटकच लागली."

पुढे तिचा हात बसला. रविवारी ती गार पाण्यात मैदा कालवायची, गुठळ्या मोडायची, उकळत्या पाण्यात धार सोडून पळीने सतत ढवळायची. खळ काचेसारखी झाली की फडक्यातून गाळायची. सहा शर्ट त्यात बुडवून, हलके पिळून, सावलीत दोरीवर. वाळले की पाण्याचे शिंतोडे मारून एकेकाची घट्ट गुंडाळी करायची आणि ओल्या टॉवेलात निजवून ठेवायची. मग टेबलावर दुहेरी ब्लँकेट आणि इस्त्री. कॉलर नेहमी टोकाकडून मध्याकडे, नाहीतर टोकाशी चुणी जमते. माझ्या हातात इस्त्री आली ती फक्त रुमालांपुरती. "शर्ट मागायचा नाही," ती म्हणायची. "रुमालाला चार कोपरे असतात, तेवढे आधी सांभाळ."

मी कॉलेजात गेले त्या वर्षी काकांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं.

तीन महिन्यांत पाय परत आला, जीभही आली. बोटं मात्र ऐकेनात. पेन धरलं जायचं, चमचाही, पण बटणासारखी बारीक वस्तू अंगठ्यातून निसटायची. अशातच कचेरीचं पत्र आलं. दीड महिन्याने डॉक्टर तपासणी करतील. कामाला योग्य ठरले तर खिडकी, नाहीतर सक्तीची निवृत्ती. तिथले जुने शिक्केवाले अशा तपासणीतून गेलेले होते. भेटायला आले तेव्हा चहाच्या कपात बघत म्हणाले, "दुसरं काही फार नसतं. शर्ट काढायला लावतात, मग घालायला. कुणी हात लावायचा नाही. तेवढ्यात त्यांना सगळं कळतं."

ते गेल्यावर काकू म्हणाली, "अहो, मऊ शर्ट घाला की त्या दिवशी. बिनखळीचा. बटण सरळ आत जाईल."

"बिनखळीचा शर्ट घालून त्या कचेरीत मी पाऊल टाकणार नाही."

"डॉक्टर कॉलर तपासणार आहेत का?"

"मी तपासणार आहे," काका म्हणाले.

खळीचा शर्ट आणि काकांची बोटं यांचं जमणं अशक्य होतं. कापड पुठ्ठ्यासारखं, काजाच्या कडा ताठ. एका बटणाला दहा मिनिटं लागायची, तिसऱ्याशी कपाळावर घाम यायचा. काकू मदतीला सरसावली की ते पाठ फिरवायचे. मग काकूने तिच्या स्वभावाला शोभेल असा उपाय शोधला. एका शर्टाची सगळी काजं तिने आतून शिवून बंद केली, वर खोटी बटणं टाकली आणि खाली टिचबटणं बसवली. काकांना काही सांगितलं नाही. "आज जरा दाबून बघा, काजं मोठी केलीत," एवढंच म्हणाली.

काकांनी दाबून बघितलं. दोन मिनिटांत शर्ट अंगावर. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून काकू आत जाऊन उगाच भांडी घासत राहिली. काका तसेच खाली न्हाव्याच्या दुकानात गेले, तीन महिन्यांत पहिल्यांदा एकटे. तिथे कुणीतरी विनोद केला, काका पोट धरून हसले आणि टिचबटणं एकामागून एक सुटली, उन्हात शेंगा तडकाव्यात तशी. न्हावी म्हणाला, "साहेब, हा शर्ट तुमच्याआधी हसला." सगळे हसले. काका हसले नाहीत. त्यांनी वाकून आतलं बारीक शिवणकाम बघितलं, दोन्ही हातांनी शर्ट आवळून धरला आणि जिना चढून वर आले.

"मला फसवलंस," ते म्हणाले. "मला वाटलं, बोटं आली."

पुढचे दोन दिवस त्या खोलीत फक्त भांड्यांचा आवाज होता. काकूने टिचबटणं उसवली. मी तिच्यासमोर बसले होते. ती म्हणाली, "बाहेरच्यांपासून लपवायचं ठीक आहे गं. मी ह्यांच्यापासूनच लपवायला गेले."

तिसऱ्या दिवशी तिने खळ शिजवली, पण शर्ट त्यात बुडवला नाही. स्पंजाचा तुकडा घेतला आणि कॉलर, कफ, खांदे, पाठ, छाती असं एकेक अंग थोपटत भिजवलं. काजं असतात ती पुढची पट्टी मात्र कोरडी सोडली. तरी पहिल्या वेळी खळ कापडातून सरकत पट्टीत उतरलीच. दुसऱ्या वेळी तिने पट्टीच्या अलीकडे दोन बोटं जागा सोडली. इस्त्री करतानाही ती तिथवर आली की इस्त्री उचलायची. मग तो शर्ट तिने काकांसमोर ठेवला आणि या वेळी सगळं सांगितलं.

"काजपट्टी सोडून बाकी कडक. हात लावून बघा. चालत असेल तर हो म्हणा."

काकांनी डाव्या हाताने पट्टी चाचपली, मग कॉलर. "बाहेरून कळतं?"

"खिडकीच्या जाळीतून तुमचं नाक तरी कुठे धड दिसतं?"

काकांनी शर्ट उचलून मांडीवर घेतला. "चालेल," म्हणाले. "पण बटणं मी लावणार. तू बघायचंसुद्धा नाही."

म्हणून ती भिंतीकडे तोंड करून इस्त्री करायला लागली. काका मागे खुर्चीवर बसून तोच शर्ट काढायचे, घालायचे, पुन्हा काढायचे. चार वेळांत शर्टाचा चोळामोळा व्हायचा. ते तो मुकाट्याने टेबलावर ठेवायचे, ती मुकाट्याने शिंतोडे मारून पुन्हा इस्त्री करायची आणि तोपर्यंत दुसरा शर्ट पुढे करायची. महिनाभर त्या खोलीत दिवसाला वीस-वीस वेळा इस्त्री फिरली. आई म्हणाली, "वहिनी, सरावाला चुरगळलेला चालतो की." काकू म्हणाली, "तपासणीला चुरगळलेला असणार आहे का?"

तपासणीच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर गेले. काका डॉक्टरांच्या खोलीत गेले, दार लागलं, आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. काकू भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत नव्हती. मांडीवरच्या पिशवीवर तिचा अंगठा हळूहळू सरकत होता.

"कॉलरचं झालं," ती पुटपुटली. थोड्या वेळाने, "दुसरं." चौथ्यापाशी ती थांबली. "पोटाशी येतं ना ते, तिथे त्यांना बघून लावायला लागतं." शिपाई दोनदा आत डोकावून गेला. एक बाई आमच्यानंतर येऊन, शेजारच्या खोलीतलं काम उरकून निघूनही गेल्या. काकूचा अंगठा पाचवर आला, सहावर आला, सातवर आला. "कफ राहिले," ती म्हणाली. "डाव्या कफाला उजवा हात लागतो. तोच वाईट."

दार उघडलं. आधी डॉक्टर आले, तरुणच होते. "तुम्ही ह्यांच्या घरच्या का?" त्यांनी विचारलं. "कफाला मी नुसता हात पुढे केला, तर मला म्हणाले, तुम्ही बसून घ्या."

"मग बसलात ना?" काकूने विचारलं.

"बसलो. कामाला योग्य असं लिहिलंय. पार्सलं उचलायची नाहीत, चौकशीच्या खिडकीवर बसा म्हणावं."

मागून काका आले. सातही बटणं जागच्या जागी, दोन्ही कफ बंद, कपाळावर घाम. काकू उठली, त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "पाठ चुरगळलीय." काका म्हणाले, "खुर्ची त्यांची वाईट होती."

चौकशीच्या खिडकीवर काका निवृत्तीपर्यंत बसले, चार वर्षं. बटणं रोज त्यांनीच लावली. कधी एखादं चुकायचं, सगळी रांगच एक घर खाली सरकायची. सुरुवातीला काकूचा हात आपसूक पुढे जायचा आणि काकांचा चेहरा पडायचा. मग ती हात मागे घ्यायला शिकली. मला वाटतं, इतक्या वर्षांच्या इस्त्रीपेक्षा तिला ते जास्त जड गेलं असेल. पण शिकली.

मी पुढच्या शिक्षणाला बाहेरगावी आले, तरी दर आठवड्याला तिचा फोन असायचा. मागच्या वर्षी ती गेली, कुणाला फारसं काही करायला न लावता, झोपेत. त्याच्या चार दिवस आधी आम्ही बोललो होतो, माझ्या परीक्षेबद्दल, पाण्याच्या टाकीबद्दल, नवीन इस्त्रीच्या आखूड वायरीबद्दल. मध्येच तिकडे दार वाजलं, काका फिरायला निघाले होते. ती आवाज खाली आणून म्हणाली, "हे बघ, निघाले, आणि एक घर चुकलंय. असू दे. कोपऱ्यावर भेटेल कुणीतरी, सांगेल."