कल्लकेरेचा पाटकरी

केतय्या कल्लकेरेच्या तळ्याचा पाटकरी होता. बाप पाटकरी, आजा पाटकरी. राजधानी दोरासमुद्र तिथून दिवसभराच्या चालीवर, पण होयसळ राजाची आज्ञा गावात रोज डोळ्यांपुढे असे, कारण ती तळ्याचं पाणी सोडायच्या मोरीजवळच्या शिळेवर कोरलेली होती: तीन दिवस पाणी काळेश्वराच्या शेतांना, तीन दिवस जैनांच्या मंदिराच्या, म्हणजे बसदीच्या, शेतांना, सातवा दिवस गावाचा. जो मोडील त्याला गंगेकाठी गाय मारल्याचं पाप. राजा स्वतः विष्णूचा भक्त, पण दान देताना हात आखडत नसे.

शिळा देऊळ आणि बसदी दोघांना मान्य होती. एकमेकांवर भरवसा मात्र नव्हता, आणि केतय्याचा तर कुणावरच नव्हता. बायकोनं, माचव्वेनं, ताक वाढलं तरी तो आधी वास घेई. "विष घालायचं असतं तर लग्नाच्या वर्षीच घातलं असतं," ती म्हणायची.

त्या माघात पाळ्या थांबवल्या होत्या, तरी मोरी बंद असताना पाणी उतरू लागलं. आठ दिवसांत घाटाची एक पायरी उघडी पडली. ऊन कोवळं होतं, ते एवढं पाणी पिणं शक्य नव्हतं.

काळेश्वराचा पुजारी रुद्रय्या पहिल्यांदा आला. "केतय्या, बसदीचा हरभरा बघितलास? आमच्यापेक्षा हिरवा आहे."

"त्यांनी शेणखत जास्त घातलंय."

"खत घातलंय की पाणी, ते तू बघ. तुला त्यासाठीच ठेवलंय."

दुपारी बसदीचा कारभारी नेमय्या आला. तो हळू बोलायचा, पण त्याचा शब्द झोंबायचा. "पुजारीबुवा सकाळी इकडे आले होते म्हणे. मोरीची पूजा करायला आले असतील."

संध्याकाळी मोरीच्या ओट्यावर केतय्यानं चुलीतली राख पसरली. सकाळी पाहतो तर राखेवर चिमणीचं पाऊलसुद्धा नाही. मोरीला कुणी हात लावला नव्हता, आणि पाणी मात्र दोन बोटं उतरलं होतं.

मग त्याचा संशय पाल्हणावर गेला. पाल्हण देवगिरीकडचा, तिथल्या सेउण राजांच्या मुलखातला. दिवाळीपासून बसदीत उतरला होता. व्रत घेतलंय असं सांगायचा आणि गावची भाषा मोडूनतोडून बोलायचा. होयसळ आणि सेउण यांचं तीन पिढ्यांचं हाडवैर; यंदा सीमेवर पुन्हा घोडी जमल्याची बातमी होती. असा माणूस तळ्याच्या बांधावरून पावलं मोजत का फिरतो? केतय्या दोन सकाळी त्याच्या मागावर राहिला. दुसऱ्या दिवशी त्यानं पाहिलं, पाल्हण बांधाच्या पायथ्याशी बसून काठीनं माती उकरत होता.

केतय्या तडक बम्मगौडाकडे गेला. गौडा गावचा मुख्य, कमी बोलणारा. त्यानं चार माणसं पाठवून पाल्हणाला आणवलं आणि चावडीच्या खांबाला बांधलं. उद्या दोरासमुद्राला पाठवायचं ठरलं. तिथं सेउणांच्या हेराचं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. नेमय्या मान खाली घालून उभा राहिला. रुद्रय्या म्हणाला, "पाहुणा ठेवताना जात विचारता, गाव विचारत नाही वाटतं."

पाल्हण केतय्याकडे पाहून म्हणाला, "दादा, मी भोक पाडत नव्हतो. भोक शोधत होतो. माझ्या बापानं चार तळी बांधली. तिथं खाली ओल आलीय, आतून घुशींनी बांध पोखरलाय."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सेउणाच्या माणसानं येऊन तुमचा बांध फुटणार म्हटलं असतं, तर तू काय केलं असतंस?"

केतय्यानं खांबाची गाठ पुन्हा ओढून पाहिली.

"पाणी गाळून आल्यासारखं स्वच्छ येतंय तोवर भिऊ नको," पाल्हण म्हणाला. "गढूळ आलं की गाव सोड."

केतय्यानं एक अक्षर खरं मानलं नाही. पण उजाडताच तो बांधाच्या पायथ्याला गेला. न बघता राहणं त्याला जमणारं नव्हतं. ओल होती तिथं आता करंगळीएवढी धार लागली होती. त्यानं ओंजळ भरली. पाणी लाल होतं.

तो चावडीपर्यंत धावत गेला. "गौडा, याला सोडा. बांध जातोय."

गौडा खांबाजवळ गेला. "सोडतो. पण दोरी कमरेला राहू दे, आणि टोक तुझ्या हातात."

असा तो सेउणाचा माणूस दावणीच्या जनावरासारखा तळ्यावर आला. त्यानं भुसा मागवला आणि बांधाच्या कडेनं पाण्यावर उधळला. सगळा भुसा तरंगत राहिला. एकाच ठिकाणी गोल फिरला आणि खाली गेला. "तिथं तोंड आहे," पाल्हण म्हणाला आणि त्यानं बुडी मारली. केतय्यानं दोरी मुठीत आवळून धरली. तो बुडेल ही भीती आणि पळेल हा संशय, दोन्ही एकाच मुठीत होते.

रुद्रय्यानं देवळाच्या गाईंचा पेंढा काढून दिला. नेमय्यानं बसदीच्या आवारातली चिकणमाती खणायला परवानगी दिली. फक्त मातीतल्या बिळांतले खेकडे आधी बाजूला काढा म्हणाला. रुद्रय्यानं कपाळावर हात मारला, पण टोपली घेऊन खेकडे वेचायला तोच बसला. पेंढ्याच्या जुड्या आणि माती भोकाच्या तोंडात एकाआड एक ठासत दुपार झाली. धार आधी स्वच्छ झाली, मग आटली.

गौडानं दोरासमुद्राला कुणाला पाठवलं नाही. केतय्यानं पाल्हणाला घरी नेऊन नाचणीचा उंडा आणि हुलग्याचं सार वाढलं. माफी मागायला त्याची जीभ वळली नाही.

"अजून बघतोयस माझ्याकडे," पाल्हण जेवता जेवता म्हणाला.

"पावलं का मोजत होतास ते नाही सांगितलंस."

"बांध किती लांब ते कळल्याशिवाय माझा पाय निघत नाही. सवय आहे." तो हसला. केतय्या हसला नाही. चार दिवसांनी पाल्हण कुणाला न सांगता निघून गेला.

दोन वर्षांनी सेउणांची फौज दोरासमुद्रावर चालून आली. गाव रानात पळालं. केतय्या मात्र करवंदीच्या जाळीत लपून तळ्याकडे बघत बसला. घोडेस्वार आले ते तळ्याखालच्या दलदलीत शिरले नाहीत. नेमके बांधावरून, एकामागे एक, वाट पाठ असल्यासारखे गेले. वाटेतली दोन तळी त्यांनी फोडली होती. कल्लकेरेच्या तळ्याला कुदळ लावली नाही.

पुढं होयसळांनी त्यांना मागं रेटलं आणि गाव परत आलं. केतय्यानं माचव्वेला पाहिलेलं सांगितलं. "वाट त्यानंच दाखवली."

"मग बांध कुणी राखला?"

"तोही त्यानंच राखला असेल."

"म्हणजे माणूस चांगला की वाईट?"

"ते मला कळलं असतं," केतय्या म्हणाला, "तर मी असा झुरलो नसतो."

तो आणखी अठरा वर्षं पाटकरी होता. पाळीचं पाणी त्यानं कधी कुणाचं चुकवलं नाही. उत्तरेकडून कुणी वाटसरू आला की आधी त्याला जेवू घालायचा, आणि तो जेवत असताना हळूच विचारायचा, पाल्हण नावाचा कुणी तळं बांधणारा माहीत आहे का.