दुसरा माळा, खोली नंबर अकरा

संगणकाला न घाबरणारा माणूस त्या काळात मी एकच पाहिला, आणि तो आमच्या कंपनीत टेम्पररी होता. अंधेरीच्या आमच्या गाळ्यात पहिला संगणक आला तेव्हा त्याच्यासाठी काचेची वेगळी खोली झाली, एसी बसला, नारळ फुटला, मॉनिटरला कुंकू लागलं. आम्ही इंजिनिअर म्हणवणारे लोकसुद्धा चपला बाहेर काढून आत जायचो आणि कुणी आजारी माणूस झोपलंय अशा आवाजात बोलायचो. वायरिंगचे काका मात्र सरळ आत गेले, झाकण काढून ठेवलेल्या संगणकात डोकावले आणि म्हणाले, "एवढंच? अरे, ह्याच्यात तर अर्धी जागा रिकामीच आहे." मालकांचा चेहरा उतरला. संगणकाचे पैसे पूर्ण जागेचे दिले होते.

काका मूळचे मालवणकडचे. वीसेक वर्षं गिरणीच्या इलेक्ट्रिक खात्यात काढली, ती गिरणी बंद पडली आणि ते आमच्याकडे आले. वय पन्नाशीच्या पुढे, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि शर्टाच्या खिशात तीन गोष्टी कायम: टेस्टर, तंबाखूची डबी आणि उदबत्तीच्या जळून उरलेल्या काड्यांची जुडी. या काड्या घरच्या देव्हाऱ्यातून यायच्या आणि आमच्या धंद्यात लागायच्या. संगणकात जे मोजमापाचं कार्ड बसतं त्यावर तांदळाएवढे स्विच असतात. कोणता वर, कोणता खाली यावर सगळं अवलंबून. आम्ही ते पेन्सिलीने ढकलायचो. काकांनी ते एकदा पाहिलं आणि माझ्या हातातली पेन्सिल काढूनच घेतली. "शिशाची पूड आत जाते मेल्या. आज चालेल, सहा महिन्यांनी बोंबलेल." पुढे कार्डाबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक मी वाचलं तेव्हा चौथ्या पानावर नेमकी हीच सूचना होती. मी ती त्यांना दाखवली. त्यांनी पुस्तकाकडे पाहून मान डोलावली. पुस्तक हुशार निघाल्याचा त्यांना आनंद झालेला दिसला.

हे कार्ड म्हणजे संगणकाचे कान. आमच्या कार्डाला आठच कान होते आणि मुलुंडच्या एका कारखान्याला पंचेचाळीस ठिकाणचं तापमान मोजून हवं होतं. तिथे पंख्यांची पाती रंगवून लांबलचक भट्टीत भाजत, आणि भट्टी कुठे जास्त तापते, कुठे कमी, हे त्यांना पडद्यावर बघायचं होतं. त्यासाठी आम्ही तीन एक्स्पान्शन बॉक्स आणले. एकेक पेटी कार्डाचा एकेक कान पकडते आणि त्या एका कानाचे सोळा करते. प्रत्येक कानाला एक तार, आणि तारेचं दुसरं टोक जिथे ठेवाल तिथलं तापमान ती सांगते. मी हे काकांना फळ्यावर आकृती काढून समजावत होतो. ते मध्येच उठून उभे राहिले. "सोळा? आमच्या माळ्यावर बरोबर सोळा खोल्या आहेत."

घाटकोपरच्या टेकडीवर काकांची चाळ होती. तळमजला, पहिला माळा, दुसरा माळा, प्रत्येकावर सोळा बिऱ्हाडं. तीन माळे, तीन पेट्या. काकांना याहून जास्त समजावण्याची गरज उरली नाही, उलट त्यांनीच मला समजावलं. "हे बघ, शिरगणतीवाला येतो ना, तसा हा कॉम्प्युटर. एकटाच. एका वेळी एकाच दारात उभा राहणार. किती? लिहिलं, पुढचं दार. किती? लिहिलं, पुढचं दार." एका कानाने सोळा जणांचं ऐकण्याचं याहून चांगलं वर्णन मी आजवर वाचलेलं नाही. पेटीवर कंपनीने शून्य ते पंधरा असे आकडे छापले होते, ते काकांनी खोडून काढले. शून्य नंबरची खोली त्यांनी मुंबईत कुठे पाहिली नव्हती. प्रत्येक स्क्रूखाली मराठी आकड्याची चिठ्ठी लागली आणि एका लांबोड्या वहीत प्रत्येक आकड्यापुढे चाळीतल्या भाडेकरूचं नाव. तळमजला चार, सुतार. पहिला माळा नऊ, बालवाडीच्या बाई. त्यामुळे आमच्या गाळ्यात भयंकर वाक्यं ऐकू येऊ लागली. "बाईंचा स्क्रू ढिला झालाय." "सुताराला उलटा जोडलास रे, बर्फात घातला तर गरम दाखवतोय." एकदा मालक एका पाहुण्याला काम दाखवायला आत घेऊन आले आणि तसेच बाहेर घेऊन गेले.

अठ्ठेचाळीस जागांत पंचेचाळीस तारा, म्हणजे तीन जागा रिकाम्या. चाळीत त्या वेळी नेमक्या तीन खोल्यांना कुलूप होतं. जिथे चाळीत कुलूप, तिथेच काकांनी पेटीतली जागा रिकामी सोडली आणि तिच्या दोन स्क्रूंमध्ये तांब्याच्या तारेचा छोटा तुकडा आवळून टाकला. ते त्यांचं कुलूप. मी म्हटलं, "काका, रिकामी आहे तर राहू दे ना उघडी. काय फरक पडतो?"

"दार उघडं, घरात माणूस नाय. शिरगणतीवाल्याने हाक मारली तर जबाब कोण देणार?"

"कोणीच नाही."

"चाळीत राहिला नाहीस तू कधी. शेजारीण देते जबाब. आणि स्वतःच्याच घरातला आकडा सांगते."

हे अक्षरशः खरं आहे. उघडी सोडलेली जागा गप्प बसत नाही. आधीच्या जागेचा आकडा तिच्या अंगावर राहतो आणि तोच ती बिनदिक्कत सांगते. मी हे कॉलेजात शिकलो होतो, परीक्षेत लिहिलंही होतं, फक्त मला ते माहीत नव्हतं.

काकांची दुसरी रीत हजेरीची. तारा जोडून झाल्या की प्रत्येक तारेचं टोक आधी बर्फात आणि मग चहात. बर्फ ते स्वतः कोपऱ्यावरच्या उसाच्या रसवाल्याकडून पंच्यात बांधून आणत. फ्रिजमधला बर्फ त्यांना मंजूर नव्हता, का ते कधी कळलं नाही. चहा आमचाच. काका पेटीशी उभे राहून नाव पुकारत, मी टोक ग्लासात बुडवायचो, पडद्यावर आकडा वर चढला की काका म्हणत, "हजर." पंचेचाळीस हजेऱ्या होईपर्यंत चार-पाच ग्लास चहा बदलावा लागे. गार झालेला चहा काका पिऊन टाकत. तांब्याची चव लागते आणि ती पोटाला चांगली, असं त्यांचं म्हणणं होतं.

हे सगळं ते टेम्पररी म्हणून करत होते. दर सहा महिन्यांनी त्यांना आठ दिवसांचा ब्रेक मिळायचा आणि मग नवीन पत्र. पाच वर्षं असंच चाललेलं. मुलुंडचं काम घेतलं तेव्हा मालकांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "काका, हे पहिल्याच ट्रायलला पास झालं तर तुम्ही कायम." काकांना पगारवाढीचं विशेष नव्हतं. त्यांना ओळखपत्र हवं होतं, फोटोवालं. गिरणीचं होतं, ते गेटवर जमा करून घेतलं होतं, आणि ते गेल्यापासून आपण कोण हे कुठे दाखवायची सोयच उरली नाही, असं ते हसत हसत म्हणत. त्याच आठवड्यात त्यांनी स्टेशनजवळच्या स्टुडिओत फोटो काढला. टाय स्टुडिओवाल्याचा होता. फोटोच्या तीन प्रती काड्यांच्या जुडीशेजारी खिशात आल्या. चाळीत तर सगळ्यांना माहीत होतं की आपल्या नावाची एकेक तार मुलुंडच्या भट्टीत जाते आहे. सकाळी पाण्याच्या रांगेत लोक विचारत, "काय हो, माझी खोली चालते ना?" बालवाडीच्या बाई तर स्वतःचं तापमान रोज विचारायच्या म्हणे.

ट्रायलच्या दिवशी सकाळी मुलुंडला हजेरी झाली. पंचेचाळीसच्या पंचेचाळीस हजर. भट्टी पेटवायच्या तासभर आधी त्यांचे इंजिनिअर साहेब आले आणि म्हणाले की भट्टीच्या तोंडाशी आणखी एक ठिकाण मोजा. काकांनी वही उघडली, बोट फिरवलं. "दुसरा माळा, खोली अकरा. कुलूप आहे." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "ही खोली तुझी. कुलूप काढ आणि संसार मांड. मी बर्फ घेऊन येतो." आणि वहीत अकराच्या पुढे त्यांनी माझं नाव लिहिलं. मला नोकरी लागून चार महिने झाले होते. मला खोली मिळाल्याचा खरोखर आनंद झाला.

मी तांब्याचा तुकडा काढला, नवीन तार घातली, स्क्रू आवळला. काका बर्फ घेऊन येईपर्यंत भट्टी पेटलीसुद्धा, कारण इंजिनिअर साहेबांना घाई होती. माझ्या खोलीची हजेरी तेवढी राहून गेली.

ट्रायल झकास झाली. पडद्यावर शेहेचाळीस आकडे एका पाठोपाठ चढत होते, इंजिनिअर साहेब खूश, आमचे मालक त्यांच्याहून खूश. कागद टेबलावर आले, पेन उघडलं. काका मात्र पडद्यासमोरून हलेनात. शेवटी ते हळूच म्हणाले, "ह्यो मेलो खोटा बोलता."

"कोण?" मालकांनी विचारलं.

"दुसऱ्या माळ्याचा अकरा. दहाचाच आकडा सांगतोय. दशांशापर्यंत तोच. साहेब, एका घरात नवराबायकोचं एवढं जमत नाय, दोन खोल्यांचं कसं जमेल?"

मालकांनी डोळ्यांनी गप्प बसायची खूण केली. ती मला दिसली म्हणजे काकांनाही दिसली असणार. पण त्यांनी इंजिनिअर साहेबांकडेच बघून सांगितलं, "आज सही कराल, उद्या तोंडाशी भट्टी जळेल आणि हा सांगेल सगळं ठीक आहे." पेन बंद झालं. काकांनी पेटी उघडली, अकराच्या स्क्रूवर वाकले आणि क्षणभर तसेच राहिले. मग तार ओढली, ती अलगद हातात आली. मी स्क्रू तारेच्या प्लॅस्टिकवर आवळला होता. तांबं आत कुठे टेकलंच नव्हतं.

"कोणी जोडली ही?" मालकांचा आवाज चढला होता.

माझं तोंड उघडलं होतं, हे मी शपथेवर सांगतो. पण काका आधी बोलले. "मी, साहेब. डोळे गेले आता."

मालक माझ्याकडे वळले. "काकांनीच का?"

मी म्हटलं, "हो."

पंधरा दिवसांनी पुन्हा ट्रायल झाली आणि काम पास झालं. पण ते पहिल्या ट्रायलला झालं नाही, आणि मालक शब्दाचे पक्के होते. काकांचे सहा महिने संपले, आठ दिवसांचा ब्रेक मिळाला, तो संपलाच नाही. मी दोन महिन्यांनी कायम झालो. ओळखपत्रासाठी ऑफिसने फोटो मागितला तेव्हा माझ्याकडे नव्हता.

एका रविवारी मी घाटकोपरच्या टेकडीवर गेलो. चाळीत मी माहीत असलेला माणूस निघालो. सुताराने हात केला, बालवाडीच्या बाईंनी मुलुंडच्या तब्येतीची चौकशी केली. काका आसपासच्या घरांतले पंखे दुरुस्त करत होते आणि मला पाहून अगदी मनापासून आनंदले. काकूंनी चहा आणला. काकांनी घोट घेतला आणि म्हणाले, "तांबं नाय ह्याच्यात, चव कसली?"

मी बरंच काही ठरवून गेलो होतो. त्यातलं एवढंच बाहेर पडलं, "काका, तुम्हाला माहीत होतं ना, ती तार मी जोडली?"

"अरे, मीच नाय का सांगितलं तुला जोडायला? आणि माझा स्क्रू मी ओळखत नाय?"

"मग?"

"मग काय? तुझं नुकतंच लागलं होतं. तुला काढला असता. मी आत होतो कुठे, म्हणून मला काढणार?" ते हसले. मग म्हणाले, "फक्त तू 'हो' म्हणालास ना, ते इतक्या लवकर म्हणशील असं नव्हतं वाटलं."

रागाचं काही नव्हतं त्यात. पडद्यावरचा आकडा वाचावा तसं त्यांनी ते वाचलं. निघताना ते मला दुसऱ्या माळ्याच्या कठड्यापर्यंत घेऊन गेले आणि टोकाकडची एक बंद खोली दाखवली. दाराला जुनं पितळी कुलूप. "ही बघ, तुझी. वहीत अजून तुझंच नाव आहे, खोडलं नाय मी. येत जा."

मी परत गेलो नाही. घाटकोपरला कामासाठी कितीदा तरी उतरलो असेन, पण त्या टेकडीकडे पाय वळले नाहीत, आणि काही वर्षांनी काकू-काका गावी गेल्याचं कुणाकडून तरी कळलं. आता माझी स्वतःची छोटी कंपनी आहे. आमच्याकडे प्रत्येक पेटीची हजेरी चहात होते आणि रिकाम्या जागांना कुलूप लागतं. नवीन मुलामुलींना ती माझी विक्षिप्त सवय वाटते. फक्त अकरावी जागा रिकामी असेल तर तिचं कुलूप मी दुसऱ्या कुणाला लावू देत नाही. तांब्याचा तुकडा हातात घेतो, आवळण्याआधी थोडा वेळ थांबतो, आणि त्या दिवशी मुलुंडला जे बोलायचं राहिलं ते मनात एकदा म्हणून घेतो. साहेब, ती तार मी जोडली.