पणजीचं कुंकू

पितृपंधरवड्यात आमच्या भाऊकीत सगळ्या पितरांना पान वाढलं जायचं, फक्त माझ्या पणजोबांना नाही. ते पहिल्या महायुद्धात बसऱ्याला गेले आणि परतले नाहीत. तिकडं दुसरी बाई करून राहिले, असं गाव म्हणायचं. माणूस गेल्याचीच खात्री नाही, तर पान कसलं? माझे वडील स्वतः पलटणीत होते. 'पळपुट्याचा नातू' हे त्यांनी जन्मभर ऐकलं. अंथरूण धरल्यावर त्यांनी माझ्याकडं एकच मागितलं, आजोबांचं पान.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी सांगलीत नोकरीला होतो आणि तिथं सायबर कॅफे निघाले होते. युद्धात पडलेल्यांची नावं एका वेबसाइटवर आल्याचं कळलं, म्हणून ऑफिस सुटल्यावर मी तिथं बसू लागलो. आमच्या गावाच्या नावानं काहीच निघेना. मग आठवलं, ते वाढले मामाकडं, म्हसवडच्या बाजूला. भरतीतही तोच पत्ता दिला असणार. ते गाव टाकलं आणि पणजोबा सापडले. नाव तेच, बापाचं नाव तेच. बसऱ्यालाच मेलेले, ऐन लढाईच्या काळात. घरी कळवलं असेलच तर मामाच्या दारात; आमच्या नाही.

छापून घेतलेला कागद वडिलांनी बराच वेळ हातात धरला. त्यांची थोरली बहीण, माझी आत्या, मात्र माझ्यावर उखडली.

"तू त्येला मारलास रं. आता तिचं कुंकू कुठं ठिवायचं?"

पणजीनं मरेपर्यंत कुंकू लावलं होतं. नवरा जिवंत धरून तिला हिरव्या लुगड्यात नेलं होतं, आणि सवाष्ण मेलेल्या बायकांच्या तिथीला, अविधवा नवमीला, तिचं पान पडायचं. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. चुलत्यांनी नेमकं तेच पकडलं.

"म्हंजे म्हातारी जलमभर खोटं कुंकू लावून हिंडली म्हना की. एक कायतरी ठरवा. तिचं नवमीचं पान, न्हाईतर त्येचं. दोन्ही जमायचं न्हाई."

खरं सांगतो, तो कागद फाडून टाकावासा वाटला. मेलेल्या बाईचं कपाळ मी सांगलीत खुर्चीवर बसून पुसलं होतं. मग राग आला. जिला विधवा झाल्याचं कुणी कळवलंच नाही, तिचं कुंकू खोटं कसं? नवऱ्याची बदनामी ऐकत तिनं ते रोज लावलं. खोटं बोललं ते गाव.

"आवं, दोन्ही पानं पडतील," मी म्हणालो. "आमच्या दारात."

"जेवायला कोन यील?"

"न्हाई आलं कुनी तर कावळं हायत."

नवमीला आत्या हिरव्या बांगड्या घेऊन आली. माझ्याशी बोलली नाही, पण पणजीच्या पानाशी हळदकुंकू तिनंच ठेवलं. अमावस्येला वडील भिंतीला धरून उठले आणि आजोबांचं पान त्यांनी स्वतः वाढलं. चुलत्यांच्या घरचं कुणी आलं नाही. मी दाराकडं बघतोय हे वडिलांच्या लक्षात आलं.

"बस खाली," ते म्हणाले. "सैपाक गार व्हतुय."