शेजारणीची आई

इथे परदेशात, शॉमबर्गला आमच्या शेजारी एक फिनिश कुटुंब राहतं. युक्रेनमध्ये युद्ध पेटलं तेव्हापासून शेजारीण फोन हातातून खाली ठेवत नसे, कारण तिची आई फिनलंडमध्ये, रशियाच्या सीमेजवळच्या खेड्यात एकटी राहायची.

मागच्या उन्हाळ्यात आई इकडे आली. मुलीने तिच्यासाठी वरची खोली रंगवून ठेवली होती. "आता इथेच राहा," असं ती रोज विनवायची. म्हातारी नातवंडांसाठी काळा ब्रेड भाजायची, त्यांना फिनिश गाणी शिकवायची, पण तिचं उत्तर ठरलेलं. शेजारीण ते मला इंग्रजीत सांगायची, "म्हणते, जंगलात बेरी पिकल्या असतील, मला जायला हवं."

शेवटी ती गेलीच. विमानतळावर माझ्याच गाडीने सोडलं. परतताना शेजारीण म्हणाली, "मी तिला राहा राहा म्हणत होते. पण आत जाताना तिने वळून पाहिलं ना, तेव्हा मलाच तिच्यामागे जावंसं वाटलं."

माझी आई नागपूरला असते. लक्षात येईपर्यंत हायवेवरून घराकडे वळायचं आमचं एक्झिट मागे पडलं होतं.