लाल ठिपक्याचा क्रँक

पेंटरला सगळे पेंटरच म्हणत. बायकोसुद्धा. दुकानांच्या पाट्या, गोदामांच्या भिंती, ट्रकच्या मागच्या ओळी, शाळेच्या फाटकावरचं नाव, सांगाल ते तो रंगवायचा. अक्षर असं की बघणाऱ्याला वाटावं, छापलंय. पण खरोखरच छापलेले बोर्ड आले आणि शहरातलं काम आटलं. मग तो बाहेरच्या वस्त्यांत काम शोधू लागला. रंगाचे डबे घेऊन बसमध्ये चढलं की कंडक्टर खेकसायचा, "हे उतरवा आधी, कुणाच्या कपड्यांवर सांडलं म्हणजे?" अर्धा वेळ पायी चालण्यात जायचा. गाडी हवी होती, आणि नवी गाडी घेण्याची ऐपत नव्हती.

एका दूधवाल्याच्या गोठ्यामागे एक जुनी मोटारसायकल पडून होती. इंजिन जाम झालेलं, सीट उंदरांनी खाल्लेली. दूधवाल्यानं ती जवळजवळ फुकटच दिली. वर म्हणाला, "न्या बाबा, नाहीतर कोंबड्या त्यात संसार थाटतील."

पेंटरनं ती ढकलत आणली ती थेट ताईच्या दारात. त्याची आई गेली तेव्हा त्याला शर्टाची बटणं धड लावता येत नव्हती. ताईनंच त्याला वाढवलं, लग्न झाल्यावर सासरी सोबत नेलं, आणि तिच्या नवऱ्यानं, भाऊजींनी, कधी तोंड वाकडं केलं नाही. खाली भाऊजींचं गॅरेज आणि वर दोन खोल्या. पेंटरचं निम्मं बालपण त्या जिन्यावर गेलं होतं. त्याच्या लेखी भाऊजी म्हणजे बापाच्या जागी, आणि ताई तर आईच.

भाऊजींनी गाडीभोवती एक फेरी मारली, इंजिनवर हात फिरवला आणि म्हणाले, "मेलेली नाहीये. झोपलीये. उठवू."

इंजिन उघडलं तर आत गंजाचा चिखल. क्रँक, म्हणजे पिस्टनच्या रॉडला जोडलेला फिरता दांडा, गेलेला, सिलिंडर गेलेलं, गिअर तेवढे शाबूत. नवे पार्ट घ्यावेत तर गाडीपेक्षा त्यांचीच किंमत जास्त. तेव्हा जुना बाजार. सुट्टीच्या दिवशी सकाळी मेहुणे-मेहुणे निघायचे आणि भंगारवाल्यांच्या रांगेत, तेलकट ढिगाऱ्यांत हात घालत हिंडायचे. पेंटरला शिकवायला भाऊजींना भारी आवडायचं.

"हे बघ, गिअर, केसिंग, हेड, हे जुनं घेतलं तरी चालतं. नीट तपासून घ्यायचं. पण रिंगा, बेअरिंग, सील, गॅस्केट? ते नवंच. तिथे कंजूषपणा केलास तर इंजिन तुला रडवेल."

"आणि क्रँक?"

"क्रँकचा रॉड धरायचा. आजूबाजूला किंचित हलला तर हलू दे. पण वरखाली हलला, बारीकसा टक जरी वाजला, तरी तो क्रँक हातात धरायचा नाही. शेजाऱ्यालाही द्यायचा नाही."

पेंटर पहिल्यांदा एकटा बाजारात गेला तेव्हा नेमका तसाच क्रँक घेऊन आला. वरून चकाचक, आतून खिळखिळा. भाऊजी पोट धरून हसले. "नवरी बघायला गेलास आणि साडी बघून आलास!" पेंटरही हसला. त्यानं खिशातला ब्रश काढला आणि क्रँकच्या गालावर, बाजूच्या चकतीवर, लाल ठिपका दिला. तेव्हापासून ती रीतच पडली. टाकाऊ पार्टावर लाल, चांगल्यावर हिरवा, म्हणजे घाईत घोळ नको. पुढे बऱ्याच खेपांनंतर खरा क्रँक मिळाला. रॉड वरखाली तसूभर हलेना. भाऊजींनी तो कानाशी धरून फिरवला आणि नुसती मान डोलावली. पेंटरनं त्यावर हिरवा ठिपका लावला, पाटीवरच्या अक्षराइतका घोटून.

ते दिवस त्याच्या आयुष्यातले फार सुखाचे होते, असं त्याची बायको पुढे म्हणायची. घरी यायचा तो नखांत ग्रीस घेऊन आणि जेवताना पिस्टनबद्दल बोलायचा.

याच सुमारास ताईच्या मुलीचं लग्न झालं होतं. जावई चांगला, कष्टाळू, घरोघर औषधं पोचवणारा. त्याच्याकडेही त्याच जातीची गाडी होती आणि एक दिवस ती बंद पडून भाऊजींच्या गॅरेजात आली. भाऊजी म्हणाले, "घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं!" सगळे हसले. दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहिल्या, दोघींचीही पोटं उघडी.

पेंटरचं इंजिन जोडून बंद करायचा दिवस ठरला. बेअरिंग, रिंगा, सील सगळं नवं आलं होतं. पेंटरला ते डोळ्यांनी बघायचं होतं. पण सकाळीच ताई जिन्यावरून खाली आली. "अरे, माझ्याबरोबर डोळ्यांच्या डॉक्टरकडे चल ना. औषध घातलं की मला दिसत नाही, एकटी कशी येऊ?"

"आजच, ताई?"

"नंबर आजचाच लागलाय रे."

भाऊजी मान वर न करता म्हणाले, "जा तू. आतापर्यंत शिकलास तेवढं पुरे झालं. तू येईपर्यंत तयार ठेवतो."

तो गेला. दवाखान्यात बाकावर ताईशेजारी बसला, तिचा हात धरून रस्ता ओलांडला. परत आला तेव्हा इंजिन चौकटीत बसलेलं होतं. भाऊजींनी किक मारायला त्यालाच सांगितलं. तिसऱ्या किकला गाडी बोलली. आवाज जरा जड, पण गोल. पेंटर भाऊजींच्या पाया पडायला वाकला, तर त्यांनी घाईघाईनं त्याचे खांदे धरून उभं केलं. "असू दे, असू दे," म्हणाले, आणि हात पुसायचं फडकं शोधू लागले. ते त्यांच्या खांद्यावरच होतं.

काही आठवडे मजेत गेले. पेंटर लांब लांब जाऊ लागला, कामं वाढली. मग इंजिनातून आवाज यायला लागला. गाडी तापली की टक, टक, टक. तो भाऊजींकडे गेला. त्यांनी तेल बदललं. आवाज गेला आणि पुन्हा आला. "जुनी गाडी आहे रे, म्हातारीचे गुडघे वाजायचेच," ते म्हणाले.

बायको म्हणाली, "दुसऱ्या कुणाला तरी दाखवा."

"भाऊजींनी बांधलेलं इंजिन मी दुसऱ्याला दाखवू? शोभतं का ते?"

मग एके दुपारी, उतारावर, इंजिन एका झटक्यात जाम झालं. मागचं चाक अडकलं, गाडी घसरत गेली आणि पेंटर रस्त्यावर आपटला. निळा आणि पिवळा रंग डांबरावर वाहत गेला. मागून कुणी येत नव्हतं, म्हणून वाचला. पण उजवं मनगट मोडलं. रंगवणारा हात.

प्लास्टर घालून झाल्यावर तो गाडीकडे परत आला. लोकांनी ती जवळच्याच एका लेथवाल्याच्या शेडमध्ये ढकलून ठेवली होती. लेथवाला पिकल्या मिशांचा, मितभाषी माणूस. त्यानं आधी तेल काढलं आणि बोटांमध्ये चोळून बघितलं.

"एवढं जाड तेल कुणी ओतलं यात?"

"का हो?"

"आवाज दाबायला ओततात. गाडी विकताना."

"विकत नाही घेतली. घरच्या माणसानं बांधून दिलीये."

लेथवाल्यानं त्याच्याकडे एकदा बघितलं. केसिंग उघडलं. बेअरिंगचा भुगा झाला होता. क्रँक बाहेर काढून त्यानं रॉकेलनं धुतला आणि फळीवर ठेवला. मग वाकून म्हणाला, "हा लाल ठिपका कसला?"

पेंटर जवळ गेला. रंग बराचसा उडाला होता, पण गालाच्या खोबणीत राहिलेला तुकडा त्याचाच होता. आपल्या ब्रशचा फटकारा माणूस ओळखतो. त्याला आधी वाटलं, चूक झाली असेल, घाईत बदलला गेला असेल. मग जाड तेल आठवलं. आणि त्यानंतर तो डॉक्टरकडचा बाक आठवला. डॉक्टरनं ताईच्या डोळ्यांत औषध घातलंच नव्हतं. नुसता चष्मा तपासला होता. ती स्वतःच्या पायांनी जिना चढून गेली होती.

तो गॅरेजात गेला नाही. वर गेला. ताई भाजी निवडत बसली होती. त्याचा हात बघून उठलीच. "अगं बाई! हे काय झालं? आणि मला कुणी कळवलं नाही?"

"ताई, माझ्या इंजिनात कुठला क्रँक घातला होता?"

तिच्या हातातली पेंडी खाली पडली. ती खोटं बोलली असती तर बरं झालं असतं, असं त्याला पुढे कित्येक दिवस वाटत राहिलं.

"तुला माहीत होतं."

"अरे, जावयाची गाडी बंद. त्याची नोकरी गाडीवर. पोरीचं नवं घर. तसा क्रँक पुन्हा मिळेना. म्हणून तुझा हिरवा त्याला घातला. हे म्हणाले, लाल ठिपक्याचाही वर्षभर तरी काढेल, तोवर दुसरा शोधू आणि गुपचूप बदलू."

"मला मागितला असतास तर?"

ती खाली पडलेली पेंडी उचलू लागली.

"ताई, मी दिला असता. तू तोंडातून शब्द काढला असतास तर स्वतःच्या हातानं नेऊन दिला असता. चालत गेलो असतो मी आणखी वर्षभर. आतापर्यंत काय करत होतो?"

"मागितला असता तर जावयाला कळलं असतं, आणि त्याच्यापुढे संकोच वाटतो रे. तू काय, तू घरचाच."

"म्हणून मला उतारावर सोडलंत?"

भाऊजी जिन्यात येऊन उभे होते. कधी आले कळलं नाही. म्हणाले, "गाडी आण. मी सगळं नव्यानं करून देतो. सगळं नवं घालतो."

"तुम्हीच म्हणाला होतात, असला क्रँक शेजाऱ्यालाही देऊ नये," पेंटर म्हणाला. भाऊजींनी मान खाली घातली. ते रडले असते तर त्याला राग तरी धरता आला असता. ते नुसतेच उभे राहिले, आणि त्यांच्या अंगाला अंग न लावता पेंटर जिना उतरून गेला.

गाडी लेथवाल्याकडेच राहिली. प्लास्टर निघेपर्यंत पेंटर रोज तिथे जाऊन बसायचा आणि डाव्या हातानं जमेल ते करायचा. लेथवाला शिकवायचा नाही, फक्त करू द्यायचा. क्रँकला नवा रॉड आणि नवं बेअरिंग बसलं. इंजिन पेंटरनं स्वतः जोडून बंद केलं, प्रत्येक बोल्ट स्वतः आवळला. गाडी आता बिनआवाजाची चालते. मनगट मात्र पहिल्यासारखं झालं नाही. सरळ रेघ येते, पण वळणाच्या अक्षरांना वेळ लागतो. अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

त्यानंतर एकदा जावई त्याच्याकडे आला. गाडीवर. "मामा, टाकीवर दोन पट्टे मारून द्या ना. तुमच्यासारखे कुणी मारत नाही."

पेंटरनं इंजिनाचा आवाज ऐकला. गोल, हलका, कुठे टक नाही.

"छान चालते, जावईबापू."

"सासऱ्यांची कृपा. कंपनीचा नवाकोरा क्रँक घातलाय म्हणाले."

पेंटरच्या बायकोनं दारातून नवऱ्याकडे बघितलं. तिला वाटलं, आता बोलेल. पेंटरनं डबा उघडला, ब्रश भिजवला आणि टाकीवर दोन पट्टे मारले. पोराचा काय दोष? तो गेल्यावर बायको म्हणाली, "सांगायचं होतं ना." पेंटर म्हणाला, "सांगून त्याची झोप घालवू?" आणि ब्रश धुवायला बसला. बराच वेळ धूत राहिला. ब्रश कधीच स्वच्छ झाला होता.

ताईकडे तो अजून जातो. भाऊजी बाजारात असतील अशी वेळ बघून. दाराजवळच्या खुर्चीवर बसतो, चहा घेतो, भाचीची चौकशी करतो. पूर्वी तो स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभा राहायचा आणि डब्यांत हात घालायचा. आता ताई बशीत घालून देते, पाहुण्याला देतात तसं.

परवा ती म्हणाली, "मला घेऊन जाशील का रे उद्या? पोरीकडे जायचंय. तुझ्या गाडीवर."

"उद्या काम आहे, ताई," तो म्हणाला. काम नव्हतं.

ती बरं म्हणाली आणि कप उचलून आत गेली.